पाठकोऱ्या कागदांवरची अक्षरं

केसरबाईंचा राग पिंपळगाव राजात सगळ्यांना ठाऊक होता, पण तो एखाद्या यंत्रावर निघालेला लोकांनी प्रथमच पाहिला. आणि खरं सांगायचं तर बाईंचं काही चुकलं नव्हतं.

त्यांचे पती माणिकराव निवृत्त पोस्टमन. अठ्ठावीस वर्षं वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी वाचन करायचे ते त्यांनीच. पुस्तकही ठरलेलं. मेहकरच्या एका गुरुजींनी लिहिलेलं, तिथल्याच छापखान्यात छापलेलं बुद्धचरित्र. आता गुरुजी नाहीत, छापखानाही नाही.

यंदा माणिकरावांच्या डोळ्यांनी दगा दिला. चष्म्यानं भागायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. भिंगाखाली एका वेळी दोनच शब्द मावत. मोठी झेरॉक्स काढली, तर पिवळ्या पानांचा नुसता काळा चिखल झाला. विहार समितीचा नागसेन अदबीनं म्हणाला, "मामा, औंदा दुसऱ्याले वाचू द्याचं काय?" माणिकराव त्या दिवशी जेवले नाहीत.

केसरबाईंनी लगेच पुण्याला मुलाला, अश्वजितला, फोन लावला. "तुह्या बाबाले वाचाले मोठे अक्षरं पाह्यजेत."

आठवड्यात खोकं आलं. आत पाटीपेक्षा लहान, गुळगुळीत वाचनयंत्र. अश्वजितनं म्हणे दोन दिवस बसून चार यंत्रं ताडून पाहिली होती. फोनवर तो गुण सांगत सुटला. उन्हात चकाकत नाही, बॅटरी महिनाभर टिकते, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, पाण्यात पडलं तरी बिघडत नाही.

"पाण्यात काऊन पडीन? न्हाणीत बसून वाचतेत काय तुहे बाबा?" केसरबाई म्हणाल्या. "गुरुजींचं पुस्तक कुठी हाय त्याच्यात?"

शोधाशोध झाली. पुस्तक नव्हतं. असणार कुठून?

"मग दुसरं काही वाचा ना, आई. इंग्रजीत लाखो पुस्तकं आहेत त्यात."

झालं! बाईंचा पारा चढला. "लाखो असतीन रे! आमाले एक पाह्यजे होतं. यंत्र पाहाले दोन दिवस होते तुले, अन् बाबा वाचतेत काय, हे इचाराले एक मिनिट नव्हतं? माह्या मांडीवर झोपून तेच ऐकलं न तू लहानपणी?" त्यांनी फोन ठेवला आणि यंत्र तांदळाच्या डब्यामागे टाकून दिलं.

लग्न झालं तेव्हा केसरबाईंना अक्षरओळख नव्हती. माणिकरावांनी पाकिटांवरचे पत्ते दाखवून ती करून दिली होती. आता त्यांनी कृषी केंद्रातून बियाण्याच्या जाहिरातींचे जुने, पाठकोरे कागद मागून आणले, एक जाड मार्कर घेतला आणि रोज सकाळी त्या दिवसापुरता भाग बोटभर अक्षरांत उतरवायला बसल्या. हात चाले, तोंडही चाले. यंत्र करणारे, विकणारे, घेणारे, कोणी म्हणून सुटलं नाही. मनगट सुजलं तरी एक दिवस खाडा झाला नाही.

भाद्रपदात माणिकराव पुन्हा अडखळू लागले. बाईंनी अक्षर थोडं वाढवलं. मग आणखी थोडं. कागद जास्त लागू लागले, इतकंच.

माणिकराव मात्र खुशीत. पारावर सांगत, "माह्ये डोळे सुधरून राह्यले. आता अडत नाही कुठंच."

आश्विन पौर्णिमेला अश्वजित आला. विहार भरलेला होता. माणिकराव खड्या आवाजात वाचत होते आणि शेजारी बसलेल्या केसरबाई एकेक कागद पुढे करत होत्या. घरून निघताना अश्वजितनं कोपऱ्यातला आषाढाचा गठ्ठा चाळला होता. तिथं एका कागदावर दहा ओळी होत्या. इथं आईच्या मांडीवरच्या कागदांवर तीन-तीन शब्द.

तो आईच्या कानाशी लागला. "आई, बाबांना तर आणखीच कमी दिसतंय गं. अक्षरं तू वाढवत नेलीस, हे त्यांना सांगितलंस?"

"चूप बैस," केसरबाई फणकारल्या. "ते म्हणतेत डोळे सुधरले, तं सुधरले."

आणि त्यांनी पुढचा कागद त्याच्या हातात दिला. "जाय, दे बाबाले. वाट पाहून राह्यले."