मुरमाचा ब्रेकर

मंगरूळपीरच्या रस्त्यावर, आमच्या गावच्या फाट्याशी तो रोज बाजेवर बसलेला दिसतो. तिथंच रेतीच्या टिप्परनं त्याच्या पोरीला चिरडलं. टिप्परवाला जामिनावर सुटला आणि त्याच रस्त्यानं पुन्हा गाडी पळवू लागला, तेव्हा यानं बाजेखाली कुऱ्हाड आणून ठेवली. सगळं गाव वाट बघत होतं. मीही.

यानं मात्र एका सकाळी रस्त्यावर आडवा मुरूम टाकला आणि फावड्यानं ठोकून चांगला वीतभर उंच ब्रेकर केला. सरकारी माणसं येऊन उखडतात, हा पुन्हा टाकतो.

एकदा बसची वाट बघताना मी म्हणालो, "काका, कुऱ्हाड गंजून राह्यली."

"गंजू दे. तोडला असता त एका घावात सुटला असता तो. आता रोज माह्यासमोर गाडी हळू करा लागते त्याले."

तेवढ्यात तोच टिप्पर आला. हा उठला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून थेट काचेतून बघत राहिला. टिप्परवाल्यानं मान खाली घातली. गाडी रांगत पलीकडं गेली.

चाकांनी विस्कटलेला मुरूम यानं फावड्यानं ओढला, ठोकून बसवला.

"सांजच्याले वापस येते तो," म्हणाला.