आधी पायरी, मग कळस : साठीतले इनास सर

बोळिंजच्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात इनास सर वेबपानं बनवायला शिकवायला आले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं. सरांचं निम्मं आयुष्य छापखान्यात अक्षरं जुळवण्यात गेलेलं. त्यांनी विचारलं, घरखर्चाची वही कोण लिहितं? मॅट्रिक झालेल्या मी भीतभीत हात वर केला. “मग तुम्हाला जमणार. रकाने ज्यांना कळतात, त्यांना वेबपान अवघड नाही,” सर म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या!

आम्हा अकरा जणींच्या मंडळाचा सुकेळ्यांचा उद्योग. आगाशीची राजेळी केळी सोलायची, उन्हात वाळवायची, बांधून विकायची. गेल्या हंगामात गिऱ्हाईक आटलं, म्हणून वेबपानाचं काम मी अंगावर घेतलं. आम्हाला केळी पुरवणाऱ्या बागायतदार भाऊंनी बजावलं होतं, गुरुवारपर्यंत मागणी दाखवा, नाहीतर घड व्यापाऱ्याकडे जातील. तसं झालं असतं तर मंडळच मोडलं असतं. चौघी तर दुसरं काम शोधू लागल्या होत्या.

मी पान भक्तिभावाने सजवलं. वर मोठे गणपतीबाप्पा, दोन्हीकडे फिरते दिवे, सरकता श्लोक, पान उघडताच आरती. आठवडा झाला, मागणी एकही नाही. सोमवारी रडकुंडीला येऊन सरांकडे गेले.

सर हसले नाहीत. भर उन्हात मला आगाशीच्या बाजारात घेऊन गेले. तिथे अर्नाळ्याच्या एका कोळीणमावशींच्या तडा गेलेल्या फोनवर त्यांनी माझं पान उघडून दिलं आणि मला सांगितलं, समजावायचं नाही, नुसतं बघायचं. आरती सुरू होताच मावशींनी फोन कपाळाला लावला. मग डोळे बारीक करून पान वर-खाली केलं आणि म्हणाल्या, “बाय, दर्शन झालं. पन सुकेली कुठं हाय?”

परतताना सर एवढंच म्हणाले, “वहिनी, देवळाची पायरी आधी दिसली पाहिजे, कळस मागून.” तुम्हीच दुरुस्त करून द्या म्हटलं, तर त्यांनी हात मागे बांधले. पान माझं आहे, ते माझ्याच हातून सुधारलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

दोन दिवसांत सरांनी शिकवलेलं सगळ्यांनीच ध्यानात ठेवावं. पान आधी फोनवर जुळवायचं, संगणकावर नंतर. मागणीचं बटण पहिल्या नजरेत दिसावं आणि अंगठ्याखाली सहज यावं. फिकी अक्षरं उन्हात कोण वाचणार? ओळींत अंतर हवं, नाहीतर आपले रफार नि उकार एकमेकांना धडकतात. भाव फोटोवर छापायचा नाही, अक्षरांत लिहायचा. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन तो वाचून दाखवतो. आवाज आपणहून सुरू करायचा नाही. आणि फोटो हलके करायचे, कारण गिऱ्हाईकाचा डेटा उधळणं म्हणजे त्याच्या घरचा नळ उघडा ठेवणं. हे तर मला एकदम पटलं! या कामात काटकसरीला एवढा मान असेल, हे स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बाप्पांचं काय करू, हे विचारायला जीभ उचलेना. सरच म्हणाले, “काढू नका. लहान करून कोपऱ्यात बसवा, निवांत राहतील.” स्वतः नेमाने चर्चला जाणाऱ्या सरांनी माझ्या देवाची जागा अशी सांभाळली.

बुधवारी फोन पुन्हा मावशींच्या हातात. त्यांनी काही न विचारता बटण दाबलं, नाव-गाव भरलं, आणि जावयासाठी दोन पुडे मागवले. पहिली मागणी! लगेच पानाचा पत्ता ओळखीपाळखीत पुन्हा धाडला. दिवेलागणीपर्यंत वसई, नालासोपारा, ठाण्याहून मागण्या आल्या. गुरुवारी घड आमच्याकडेच उतरले.

यंदाही अकराच्या अकरा जणी केळी सोलायला बसल्या आहेत. हंगामातला पहिला पुडा साठी पूर्ण करणाऱ्या सरांच्या घरी पोचला आहे. आमचे बाप्पा आणि त्यांची मेरीमाउली यांच्याकडे मागणं एकच: हा मान सरांनी दरवर्षी आमच्याकडून घ्यावा. सुकेळं चिवट असतं. शंभराव्या वर्षीही ते चावून खातील, असे दात देव त्यांना देवो.