दहा वर्षं आणि अकरा दिवस

कॅप्टन धम्मपाल खिल्लारेशी ज्याचं पटलं, असा माणूस अख्ख्या शहरात शोधून सापडला नसता. सोसायटीच्या वॉचमनपासून सख्ख्या भावापर्यंत सगळ्यांशी त्याचं वाजलेलं. माणूस चांगला होता म्हणायला जीभ रेटत नाही. चोख होता, एवढं कबूल करावं लागेल, आणि त्या चोखपणाचाच बाकीच्यांना ताप.

फर्दापूरच्या विश्रामगृहातल्या खानसाम्याचा हा पोरगा. मिलिंद कॉलेजात शिकला आणि शिष्यवृत्तीच्या जोरावर थेट विमान चालवायच्या परवान्यापर्यंत पोचला. पण ज्या कंपनीत पाय ठेवला ती बुडाली, दुसरीत गेला तर तीही बुडाली. पंचावन्नाव्या वर्षी तिसरी मिळाली. चिकलठाण्याच्या विमानतळावरून आसपासच्या शहरांना जाणारी सत्तर माणसांची, पंख्याची विमानं. पासष्टला वैमानिकाला खुर्ची सोडावीच लागते. कंपनीचा नियम असा, की दहा वर्षं सेवा भरली तर निवृत्ती फंडातला कंपनीचा वाटा पक्का होतो आणि नवराबायकोला जन्मभराचा विमानाचा पास मिळतो. एक दिवस कमी पडला तरी दोन्ही गेलं. धम्मपालनं रुजू झाल्या दिवशीच बोटं मोजली होती. दहा वर्षं आणि अकरा दिवस भरत होते.

फंडाचं त्याला फारसं नव्हतं. त्याला पास हवा होता आणि तोही बायकोसाठी, सुलेखासाठी.

झालं होतं असं. दोन वर्षांमागच्या मे महिन्यात सुलेखा हैदराबादला लेकीकडं, विशाखाकडं, निघाली होती. तिकीट स्टाफच्या सवलतीचं, म्हणजे जागा उरली तर बसा, नाहीतर उतरा. विमान धम्मपालच नेणार होता. भर दुपारी बेचाळीस डिग्रीत विमानाला रोजचं वजन उचलवत नाही, काहीतरी खाली ठेवावंच लागतं. काउंटरवरची संध्या वजनाचा कागद घेऊन कॉकपिटच्या दारात आली.

“सर, साठ किलो जास्त होतंय. उतरवायच्या यादीत पहिलं नाव मॅडमचं निघतंय. पण आपण चार बॅगा ठेवून घेऊ, उद्या पाठवू.”

“पैसे भरणाऱ्याच्या बॅगा उतरवायच्या अन् फुकट्याला न्यायचं?” धम्मपाल म्हणाला. “नियम म्हणजे नियम.” आणि त्यानं सही ठोकली.

दार उघडं होतं आणि विमान एवढंसं. फुकट्या हा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेली बाई शेवयांचा डबा छातीशी धरून सगळ्यांदेखत जिना उतरली. त्यानंतर ती पुन्हा विमानतळावर गेली नाही. नवऱ्याशीही ती चहा झालाय, पाणी गेलंय, यापलीकडं बोलेनाशी झाली. हैदराबादला जायची ती बसनं, रात्रभर पाय सुजवत.

धम्मपालला ते फार लागलं. पण माफी मागायची या माणसाला सवय नव्हती. त्यानं मनाशी ठरवलं की निवृत्त झालो, की पासवर हिला शेजारी बसवून विमानानं नेईन. तीच माफी.

निवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. सेवा नऊ वर्षं चार महिने. पास नामंजूर.

तळपायाची आग मस्तकाला गेली. उड्डाणांच्या वह्यांची पिशवी काखेत मारून तो जालना रोडवरच्या ऑफिसात गेला. तिथं वैमानिकांच्या प्रमुखाच्या खुर्चीत अतुल होता. वैजापूरच्या कांद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याला उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिकाच्या जागी, बसवून धम्मपालनंच तयार केला होता, तेही रोज अपमान करून. अतुल काहीच विसरला नव्हता.

“लॉकडाऊनमधले आठ महिने धरलेले नाहीत, सर,” अतुलनं एक अर्ज पुढं सरकवला. “तुम्ही ऐच्छिक रजा घेतली होती.”

त्या वेळी कंपनीनं सगळ्यांनाच बिनपगारी घरी बसवलं होतं. फॉर्म दोन होते. सक्तीच्या रजेत सेवा चालू राहायची, पण स्टाफचं तिकीट बंद. ऐच्छिक रजेत तिकीट चालू, सेवा बंद. विशाखाचे दिवस भरत आले होते, विमानं सुरू झाली की सुलेखाला पहिल्या फेरीत पाठवता यावं म्हणून धम्मपालनं तिकिटाचा फॉर्म भरला. वजनाचा कागद तीन-तीनदा वाचणाऱ्या माणसानं हा कागद उलटूनसुद्धा पाहिला नाही. सेवेचं कलम मागच्या बाजूला होतं.

“त्या आठ महिन्यांत औषधांची खोकी न्यायला मला अकरा वेळा बोलावलंत,” धम्मपाल म्हणाला.

“ती मदत झाली, सर. सेवा नाही.” अतुल हसला. “नियम म्हणजे नियम. तुम्हीच शिकवलंत.”

धम्मपालनं पिशवीतून काळी वही काढली. वैमानिक आपलं प्रत्येक उड्डाण अशा वहीत स्वतःच्या हातानं लिहितो, सोबत कोण होतं तेही लिहितो. त्यानं पान उघडून अतुलच्या नाकासमोर धरलं.

“या अकरा फेऱ्यांत उजव्या खुर्चीवर कोण व्हतं रे?”

अतुलचं हसू गेलं.

“तुझ्या वहीत बी त्या अकरा हायेत. खाली सही माझी. कॅप्टन व्हायला कमी पडणारे तास तू तिथंच भरलेस. मी जर सेवेत नव्हतो, तर सही करणारा मी कोण? आणि तुझे तास कुठले? काढ खांद्यावरची कॅप्टनची चौथी पट्टी अन् ठेव टेबलावर. नायतर माझे आठ महिने लिहून दे.”

अतुलनं पुढं सरकवलेला अर्ज परत आपल्याकडं ओढला.

“तुम्ही लई वाईट माणूस आहात, सर.”

“बाहेर कुणालाबी विचार. नवीन काय सांगतोस?”

आठ दिवसांनी पत्र आलं. दहा वर्षं आणि अकरा दिवस. सोबत दोघांच्या नावाचा पास. धम्मपालनं तो स्वयंपाकघरात नेऊन सुलेखासमोर ओट्यावर ठेवला. कितीतरी वर्षांत एवढं हसू त्याच्या तोंडावर आलं नसेल.

“परवाच निघू. मी शेजारी बसतो तुझ्या. आता कोण उतरवतं बघू.”

सुलेखानं हात पुसले, चष्मा लावला, पुढची बाजू वाचली. मग तिनं पास उलटला. उत्तरपत्रिकेची मागची बाजूही तपासायची तिची जुनी सवय.

“जागा उपलब्ध असल्यास,” तिनं मोठ्यानं वाचलं. “म्हंजे फुकटीच की मी अजून.”

“अगं, तसं नाय. पासाचं असंच असतं...”

“मला माहितीये कसं असतं ते.” तिनं पास त्याच्याकडं सरकवला आणि डब्याखालून घडी केलेला एक कागद काढला. “माझं तिकीट मी काढलंय. माझ्या पेन्शनीतून. परवाचंच. सातवी रांग, खिडकी. पक्कं.”

धम्मपालनं कागद दोनदा वाचला. आज उलटूनही पाहिला.

“एकच?”

“तुमच्याकडं पास हाय ना,” सुलेखा म्हणाली आणि गॅसकडं वळली. “जागा उरली तर या.”