सरांचा चंद्र

“तुमी फकस्त दाबा सर, बाकी मी बघतो.”

जिंतूरच्या आमच्या गल्लीतले फोटोवाले काका हे वाक्य म्हणताना उजवा अंगठा हवेत दाबून दाखवायचे. तुमच्याही गावात असा एक फोटोवाला असेलच. लग्न, बारसं, मॅट्रिकचा फॉर्म, सगळीकडे त्याचाच हात. फोटोत ज्यांचे डोळे मिटलेले येत, त्यांचे डोळे काका बारीक ब्रशने उघडून देत. त्यामुळे आमच्या गल्लीतले निम्मे लोक भिंतीवरून जरा दचकल्यासारखे बघतात. माझ्या लग्नाच्या फोटोत मीही तसाच दिसतो, पण तिथे ब्रश लागला नव्हता.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. मेहुण्याने दुबईहून एक कॅमेरा आणून दिला आणि माझे पाय जमिनीवर राहिनात. तो गळ्यात अडकवून मी भाजी आणायलाही जात असे. रोल काकाच धुऊन देत. त्यातले बरेच फोटो हललेले आणि उरलेल्यांत माणसांची मुंडकी कापलेली असत. काका ते उजेडाकडे धरून शांतपणे म्हणत, “हात लय चांगला हाय सर तुमचा. माणसंच हालायलेत.”

मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला एवढं पुष्कळ होतं.

काकांच्या घरात एकच काळजी होती. काकू पुनवेचा उपास धरायच्या आणि चंद्र दिसल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. उन्हाळ्यात काही वाटत नसे. पण आषाढ-श्रावणात ढग आले की चंद्र कुठला? मग काकू दुसऱ्या दिवशीही उपाशीच. एका आषाढात त्या नळावर भोवळ येऊन पडल्या. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की यांच्या पोटाला आता उपास झेपणार नाही, पुढच्या वेळी जिवावर बेतेल. काका घरी आले ते पंचांग घेऊनच.

“पंचांगात येळ दिलीय. ती बघून जेवावं,” ते काकूंना म्हणाले.

“पंचांगात चंद्र उगवतो व्हय?”

काकांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, “देवाच्या फोटोला हात जोडतीस. चंद्राचा फोटो का चालत न्हाई?”

काकूंनीही विचार केला. “चालंल. पण खरा पायजे. तुमचा ब्रश लावलेला न्हाई.”

झालं. उन्हाळ्यात चंद्राचा फोटो काढून ठेवायचा आणि पावसाळ्यात तो बघून काकूंनी जेवायचं, असं ठरलं. काकांचा स्टुडिओतला पेटीएवढा कॅमेरा समोर बसलेल्या माणसाच्या वर मान करत नसे. म्हणून काम माझ्याकडे आलं. मी म्हणालो, “चंद्र म्हणजे माझा विषयच.” उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

चैत्राच्या पुनवेला दिवेलागणीला आम्ही काकांच्या माळवदावर चढलो. रात्रीचा फोटो म्हणजे उजेड जास्त पाहिजे, असा भूगोलाच्या मास्तराला शोभेल असा हिशेब करून मी भिंग बराच वेळ उघडं ठेवलं. फोटोत चंद्राच्या जागी साबुदाण्याचा एक फुगलेला दाणा आला. वैशाखात मी फ्लॅश लावला. शेजारच्या माळवदावर कुरडया गोळा करणारी बाई थांबून बघत राहिली. “चंद्राला लाईट दाखवायलाव का सर?” तिने विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्या फोटोत तिची कुरडयांची परात मात्र सुरेख आली.

आता ज्येष्ठाची एकच पुनव उरली होती. ते नामांतराच्या चळवळीचे दिवस. एसटी कधी बंद होईल याचा नेम नसे आणि रोल यायचा परभणीहून. काकांनी आठवडाभर आधी माणूस पाठवून रोल मागवून ठेवला. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा माळवदावर चढलो.

“तुमी फकस्त दाबा,” काका म्हणाले. मी दाबलं. रोल संपेपर्यंत दाबत राहिलो.

तिसऱ्या दिवशी काका शाळेत आले आणि त्यांनी माझ्यासमोर एक फोटो ठेवला. काळ्याभोर आभाळात तळहाताएवढा वाटोळा चंद्र, त्यावर डाग अगदी स्पष्ट. “तुमच्याच रोलातला,” काका म्हणाले. “धुताना मोठा केलाय.” मी तो वर्गावर नेला. छडीने एकेक काळा डाग दाखवून हा चंद्रावरचा अमुक समुद्र, हा तमुक, असं मुलांना सांगितलं. मुलांनी वह्यांत उतरवूनही घेतलं.

आषाढात पुनवेला आभाळ गच्च भरलं. काकांनी फोटो पूर्वेच्या भिंतीला टांगला. काकूंनी जवळ जाऊन पाहिला, बराच वेळ पाहिला. मग हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, “खराच हाय. ताटं वाढते.” काका लगेच पाटावर बसले. मी दाराशी उपकारकर्त्याच्या थाटात उभा होतो.

पुढे माझी परभणीला बदली झाली. निघताना काकांनी त्या चंद्राची एक प्रत मलाही दिली. ती चौकटीत घालून मी बैठकीत लावली. पाहुणा चहाला टेकला की त्याची मान मी भिंतीकडे वळवत असे.

काका गेल्याचं कळलं तेव्हा जिंतूरला भेटायला गेलो. स्टुडिओला कुलूप होतं. काकू थकल्या होत्या, पण बोलत होत्या. धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, “काकांमुळे माझ्या हातून एक तरी चांगला फोटो निघाला.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. अशा दिवसांतही त्यांना हसू आवरलं नाही.

“सर, ती माझी भाकर हाय.”

“काय?”

“ज्वारीची. काळ्या कापडावर ठिवून फोटो काढलाय त्यांनी. कडंला माझ्या बोटाचा दाब हाय बघा. रोज थापते, मला वळखू येणार न्हाई व्हय? तुमचा रोल तर मला लाल बल्बाच्या खोलीत झाडताना घावला. समदा कोरा.”

कॅमेरा बाळगणाऱ्याला यापुढचं सांगावं लागत नाही. भिंगावरचं झाकण काढायचंच राहिलं होतं. आणि मी पोरांना भाकरीच्या डागांवर समुद्र शिकवले होते. काकांनी आयुष्यभर त्यातलं अवाक्षर काढलं नाही.

“पण तुम्ही तर म्हणालात, खरा आहे,” मी कसंबसं विचारलं.

“मी घास घेतल्याबिगर ते तोंडात पाणी घालत न्हवते. त्यांना वाटायचं, मला कळत न्हाई. माझ्या किती भाकरी परत तव्यावर टाकून जाळल्या आसतील त्यांनी त्या एका फोटोपायी. न्हाई कसं म्हणू?” त्यांनी पदराने डोळे पुसले. “त्यांना कधी बोलले मातर न्हाई.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “मग आता पुनवेला कसं करता?”

“आता उपास धरत न्हाई, सर,” काकू म्हणाल्या. “ढग आले तर चंद्र कोण करून देईल?”