आईच्या हिऱ्याचे पैलू

सकाळी माझी मुलगी मुक्ता खिडकीत उभी राहून आजीची अंगठी उन्हात फिरवून बघत होती. माझी आई जाऊन वर्ष होत आलं. अंगठी तिनं नातीसाठी ठेवलेली. हिरा जुन्या घडणीचा, मंद. सराफ म्हणाले होते, नव्यानं पैलू पाडले तर झळकेल, पण थोडा लहान होईल.

त्या ‘थोडा’पाशीच मी अडलो होतो. शेवटी शेवटी आई “बस रे जरा” म्हणायची आणि मी उभ्याउभ्याच औषधांची चौकशी करून निघायचो. आता निदान तिचा हिरा तरी पुरा राहावा, असं वाटायचं. माणूस जपायचं राहून गेलं की मन वस्तू फार जपू लागतं.

“घाट बदलला की हिरा वेगळाच झाला गं,” मी म्हणालो. “आईनं तर घेण्याआधी लाभतो का, वाईट स्वप्न तर पडत नाही ना, हे बघायला रात्रभर उशाशी ठेवला होता.”

“मग पैलू पाडून आला की मीही ठेवीन, बाबा. नाही पटलं तर येईल आजी स्वप्नात भांडायला. ती काय सोडणारे?”

मला हसू आलं. अंगठीतून उन्हाचा एक बारीक कवडसा निसटून भिंतीवर थरथरत होता. इतकी वर्षं त्या दगडात केवढा उजेड नुसता थांबून राहिला असेल!

“जा, दे सराफांकडे,” मी म्हणालो. “आणि आजी आली, तर मलाही उठव. या वेळी मी बसेन.”