रविवार दुपारचे दरोडे

छत्तीसगढचं नवं राज्य झालं त्या वर्षी रायपुरात भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या. भोपाळहून बदलून आलेले बाबू, ठेकेदार, त्यांची माणसं, सगळे घर शोधत फिरत होते. गुढियारीतल्या आमच्या घराची मागची खोली बाबांनी अशाच एकाला दिली. पस्तिशीचा, गोंदियाकडचा, मराठी बोलणारा. नव्या सरकारी इमारतीच्या साईटवर सुपरवायझर आहे म्हणाला. आपल्याकडचा माणूस, एवढंच बाबांनी पाहिलं.

बाबा रेल्वेतून नुकतेच रिटायर झाले होते. मी सदर बाजारातल्या एका सराफाकडे चांदीच्या काउंटरवर होते. घरात आम्ही दोघंच. बाबांना एक शौक होता, सत्तरच्या दशकातले इंग्रजी दरोड्याचे पिक्चर. तरुणपणी नागपूरला असताना मॉर्निंग शोला पाहिलेले. आता पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सीडीवाल्याकडून ते घासलेल्या सीडी आणत आणि रविवारी जेवणं झाली की लावत.

इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धंच कळायचं, पण अडायचं नाही. त्यात गाणी नसत, देखणं कोणी नसे. कळकट रस्ते, ओल्या भिंती, पोट सुटलेले, खोकणारे चोर. "हे चोर नाही वाटत मले," बाबा म्हणायचे, "ड्युटीवर आल्यासारखे वाटतात." मला दुसरंच काही आवडायचं. आठवडाभर लोकांच्या लेकीसुनांना पैंजण दाखवणारी मी, ते दोन तास चोरांच्या बाजूची असायचे. त्यांच्यातल्या कुणी घड्याळ पाहिलं की माझ्याच तळहाताला घाम यायचा. शेवटी सगळं फसणार हे ठाऊक असूनही वाटायचं, आज सुटू दे यांना.

दुसऱ्या महिन्यापासून भाडेकरूही येऊन बसू लागला. सुरुवातीला हसायचा, मग हसणं बंद झालं. एकदा म्हणाला, "काका, थोडं मागं घ्या ना." बाबांनी मागे घेतलं. पडद्यावर चारजण बँकेच्या मागच्या दारातून शिरत होते. त्याने ते तीनदा पाहिलं. "इथं चुकले," तो हळूच म्हणाला. "गाडी चालू ठेवायला नको होती." बाबा खूश झाले. इतक्या बारकाईने पाहणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

पहिली सीडी संपली की मी चहा ठेवायचे. एका रविवारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, तुमच्या दुकानात दुपारी सगळे एकदमच जेवता काय?"

"नाही, पाळीपाळीनं. फक्त मंगळवारी शेठ मंदिरात जातात, तेव्हा..."

पुढचं वाक्य मी गिळलं. चहा उतू गेला. तो पुढे झाला, गॅस बंद केला आणि म्हणाला, "तेव्हा काय?"

"काही नाही," मी म्हटलं. त्याने कप उचलले आणि बाहेर नेऊन दिले, दर रविवारसारखे.

मंगळवारी तो दुकानासमोरच्या पानठेल्यावर दिसला. बुधवारी पुन्हा. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, तर ते चिडले. "पिक्चर पाहून पाहून डोकं फिरलं तुयं. काहून कोणाच्या मागं लागतं?" पण दुसऱ्या दिवशी ते सायकल काढून त्या साईटवर गेले. परत आले ते ओसरीवर बसूनच राहिले. त्या नावाचा माणूस तिथे कोणालाच माहीत नव्हता.

मी शेठना एवढंच सांगितलं की कोणीतरी दुकानावर नजर ठेवून आहे. त्यांनी मंगळवारचं मंदिर सकाळी केलं.

पुढच्या रविवारी तो आला, आपल्या जागी बसला. बाबांनी विचारलं, "कोणत्या साईटवर आहात म्हणाले तुम्ही?"

तो बाबांकडे पाहत राहिला. आवाज जराही चढला नाही. "पिक्चर लावा ना, काका."

आणि बाबांनी लावला. आम्ही तिघांनी तो शेवटपर्यंत पाहिला. त्यात काय होतं ते मला आठवत नाही. आठवतात ती बाबांची गुडघ्यांवर दाबून धरलेली बोटं.

बुधवारी खोली रिकामी होती. फरशी पुसलेली, भिंतीतले खिळेसुद्धा काढून नेलेले. "ठाण्यात सांगू," मी म्हटलं. बाबा म्हणाले, "काय सांगशील? त्यानं आपलं काय नेलं?" भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली नव्हती, याचीही त्यांना भीती होती. मीही हट्ट धरला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

तीन आठवड्यांनी पंडरीत एका कापडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे भर दुपारी दरोडा पडला. चौकीदाराच्या डोक्यात सळई घातली. गाडी गल्लीत बंद करून उभी होती, असं आजूबाजूचे सांगत होते. त्या संध्याकाळी आम्ही ठाण्यात गेलो. हवालदाराने भाडेकरूचं वर्णन लिहून घेतलं, इतके दिवस काहून नाही आलात म्हणून बाबांना झापलं. तो तोच होता की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कोणी पकडलं गेलं नाही.

चौकीदार वाचला, पण त्याची वाचा गेली. मी एकदा दवाखान्यात गेले, केळी घेऊन. छत्तीसगढी म्हातारा, डोक्याला पट्टी, डोळे छताकडे. त्याची बायको पायाशी बसली होती. तिने केळी घेतली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही यांच्या शेठकडून आलात का?"

"हव, त्यांच्याकडूनच," मी म्हटलं आणि निघून आले.