आढं, आड आणि मी

सासरी आल्यावर वर्षाच्या आत मी घराचं छप्पर खाली आणलं.

शुक्रवार पेठेत आमचं पत्र्याचं घर होतं. छपराचा भार पेलणारं मधलं जुनं लाकूड, म्हणजे आढं, त्यातून रोज पिवळा भुसा गळायचा. नणंद बाळंतपणाला आलेली. बारसं तोंडावर आलं होतं, आणि पाळणा आढ्यालाच टांगायचा, असा आत्याबाईंचा (म्हणजे सासूबाईंचा) हट्ट. घरातली सगळी पोरं तिथंच झुलली होती!

मामंजींनी काठीनं आढं ठोकलं. "ऐका! कसं वाजतंय! सागवान आहे!"

"रिकामी घागरही वाजते," आत्याबाई म्हणाल्या. "जाणता माणूस बोलवा. नातवाच्या डोक्यावर पडलं म्हणजे?"

काम माझ्यावर आलं. दूध घालायला कुंभारी गावची सखूमावशी यायची, माझ्या माहेरचीच. तिला म्हटलं, "मावशे, आमचं आडं बगायला जाणता माणूस धाड. लई वंगाळ झालंय."

"व्हय की. उद्याच धाडते."

(आमच्या गावात ढ म्हणायची पद्धत नाही, ड वर भागतं. आड म्हणजे विहीर, हे माझ्या ध्यानात आलं नाही, आणि मी आढ्याबद्दल बोलतेय, हे तिच्या!)

दुसऱ्या दिवशी जो आला, त्याच्या खांद्यावर जाड दोर आणि हातात लोखंडी गळ. आडात पडलेल्या घागरी काढणारा! मला वाटलं, जड लाकूड, म्हणून जड हत्यार.

"आड कुटं हाय?"

मी वर बोट केलं.

"वर?" तो छपराकडं बघतच राहिला. "मग पानी खाली पडत न्हाय व्हय?"

"पावसाळ्यात पडतं की!"

"आन् आत काय पडलंय?"

"किडं पडल्यात."

"लई खोल हाय का?"

मामंजी तापले. "किती खोल ते तुम्हीच सांगायचं! बोलावलंय कशाला?"

पेठेतल्या लोकांपुढं बोलून उपयोग नाही, असं त्यानं ठरवलं असावं. त्यानं गळ वर भिरकावला. तो आढ्यात रुतला. "लागलं काय तरी!" म्हणत त्यानं अंगाचा सगळा भार टाकून दोर ओढला.

आढं मधोमध मोडलं. त्यामागून दोन पत्रे, आणि भुसा तर टोपल्यांनी! तो माणूस दोर टाकून रस्त्यापर्यंत पळाला. बाळ आतल्या खोलीत झोपलेलं होतं, ते उठलंसुद्धा नाही.

अंगावरचा भुसा झटकत मामंजी म्हणाले, "सागवानच होतं. वरून."

आत्याबाईंनी मोडलेलं टोक पाहिलं. आत वाळवीनं बोटभरसुद्धा लाकूड ठेवलं नव्हतं. "यालाच पाळणा टांगणार होते मी," एवढंच त्या बोलल्या. मग बारसं अंगणात झालं. चौघींनी गोधडीची टोकं धरली आणि बाळाला झुलवलं.

पाहुणे गेल्यावर आत्याबाईंनी मला समोर बसवलं.

"म्हण, आढं."

"आडं."

"अगं, ढ! ढ!"

"ड! ड!"

शाळेत चौथीपर्यंत मास्तरांनी मला ढ याच नावानं हाक मारली. चार वर्षं रोज ऐकूनही ते एक अक्षर मला आलं नाही, म्हणजे मास्तरांची पारख मामंजींपेक्षा बरी होती!